पेरोव्स्काइट सौर सेल कोकणच्या हवेत टिकतील का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलरच्या बातम्यांत ‘पेरोव्स्काइट’ हे नाव आता सारखं येतं आणि बातमी बहुतेक वेळा एखाद्या टक्केवारीची असते, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या किती ऊर्जेची वीज होते त्या कार्यक्षमतेची. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याला राहणाऱ्याने मात्र टक्केवारीच्या आधी दुसरं काही विचारायला हवं: ही वस्तू आमच्याकडचे पावसाळे काढेल का? खालचे प्रश्न त्याच अंगाने घेतले आहेत.

पेरोव्स्काइट म्हणजे काय? ते खाणीतून काढतात का?

नाही. नाव तेवढं खनिजाचं आहे. १८३९ मध्ये उरल पर्वतातून आलेल्या कॅल्शियम टायटेनेटच्या खनिजाचं वर्णन गुस्ताव रोझ यांनी केलं आणि लेव पेरोव्स्की या रशियन अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. त्या खनिजातल्यासारखी अणूंची मांडणी ज्यांची असते त्या सगळ्याच पदार्थांना आता पेरोव्स्काइट म्हणतात. सौर सेलमधला पदार्थ प्रयोगशाळेत तयार होतो. त्यात शिसं किंवा कथील असतं, त्याच्याभोवती आयोडीन किंवा ब्रोमीन, आणि मधल्या पोकळीत मिथाइलअमोनियम, फॉर्मामिडिनियम किंवा सीझियम यांपैकी एखादा मोठा धन आयन. यांचं प्रमाण बदललं की सेल प्रकाशाचा कोणता भाग शोषणार हेही बदलतं. सिलिकॉनमध्ये ही मुभा नाही.

सिलिकॉनचे पॅनल चांगले चालतात. मग हा खटाटोप कशाला?

सिलिकॉन चांगलाच आहे, पण त्याची मजल ठरलेली आहे. एकट्या सिलिकॉनच्या सेलला सिद्धांतानुसारच साधारण २९.४ टक्क्यांपुढे जाता येत नाही. निळ्या-हिरव्या प्रकाशकणांतली बरीच ऊर्जा सिलिकॉनमध्ये नुसती उष्णता होऊन वाया जाते. त्याच्यावर निळा-हिरवा भाग खाणारा पेरोव्स्काइटचा थर बसवला आणि तांबडा-अवरक्त भाग खालच्या सिलिकॉनसाठी सोडला, तर मर्यादा ४० टक्क्यांच्या वर सरकते. या जोडसेलला टँडम म्हणतात.

दुसरं कारण बनवण्याच्या पद्धतीत आहे. सिलिकॉन १४०० अंशांच्या वर वितळवावा लागतो. पेरोव्स्काइटचा थर द्रावणातून पसरवून १०० ते १५० अंशांवर भाजला की झाला, आणि त्याची जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन असते. सिलिकॉनची चकती त्याच्या शेकडो पट जाड असते.

आपल्याकडे जागेचाही हिशेब आहे. तीन किलोवॉटसाठी २२ टक्क्यांचे पॅनल घेतले तर सुमारे साडेतेरा चौरस मीटर लागतात; ३० टक्क्यांचे असते तर दहा पुरले असते. कौलारू घराच्या एका उतारावर हा फरक बराच असतो. मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत तर मला तो आणखी महत्त्वाचा वाटतो, कारण ‘पडीक जागा’ म्हणून आपल्याकडे आधी बोट दाखवलं जातं ते सड्याकडे, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराकडे. ज्या सड्यावर श्रावण-भाद्रपदात फुलांचा गालिचा असतो आणि कातळशिल्पं आहेत, तो पडीक कसा, हे अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

आजवर मजल कुठपर्यंत गेली?

२००९ मध्ये जपानच्या योकोहामातल्या तोइन विद्यापीठात त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने पहिला सेल दाखवला तो ३.८ टक्क्यांचा. त्यात द्रव इलेक्ट्रोलाइट होता आणि पेरोव्स्काइट त्यातच विरघळत जाई. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी द्रव काढून घन थर वापरला आणि आकडा दहाच्या आसपास गेला. पुढे २०२३ मध्ये एकट्या पेरोव्स्काइटने २६ टक्के ओलांडले. सिलिकॉनवरच्या टँडममध्ये लाँगी या चिनी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३३.९ आणि जून २०२४ मध्ये ३४.६ टक्के नोंदवले. सिलिकॉनला एवढी चढण चढायला अनेक दशकं लागली होती.

मग ३४ टक्क्यांचं पॅनल दुकानात का दिसत नाही?

कारण तो विक्रम नखाएवढ्या तुकड्यावरचा आहे. विक्रमी सेलचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं, कित्येकदा त्याहून कमी. एवढ्या जागेत थर एकसारखा बसवणं जमतं. दीड-दोन चौरस मीटरच्या काचेवर तोच थर पसरताना एखादं सूक्ष्म छिद्र, एखादी जाडसर कड, एखादा कोरडा डाग राहतोच. शिवाय सेल एकमेकांना जोडताना मधे रेषा सोडाव्या लागतात, तिथे वीज तयार होत नाही. ऑक्सफर्ड पीव्हीने जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या कारखान्यातून सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकाला पहिले व्यावसायिक टँडम पॅनल पाठवले, त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. बातमीतला आकडा सेलचा आहे की पॅनलचा, हे आधी पाहावं.

हे सेल ‘खराब होतात’ म्हणजे नेमकं काय होतं?

बरंच काही होतं, आणि तेही एकाच वेळी. म्हणून हा प्रश्न चिवट आहे.

पाण्याची वाफ आत शिरली की मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड (लेड म्हणजे शिसं) आधी पाणी धरून ठेवणारा हायड्रेट बनतो. इथपर्यंत गाडी परत फिरू शकते. पुढे गेलं की तो कोसळतो आणि मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं. काळा सेल पिवळा पडला म्हणजे त्याचं काम संपलं.

प्राणवायू आणि प्रकाश एकत्र आले तर वेगळंच घडतं. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन प्राणवायूला चिकटतो, त्यातून सुपरऑक्साइड तयार होतो आणि तो मिथाइलअमोनियमवर तुटून पडतो. उष्णतेत तर मिथाइलअमोनियम स्वतःच वायूरूपाने निसटून जातो; ८५ अंशांना हे दिसू लागतं.

मिथाइलअमोनियम काढून फॉर्मामिडिनियम घातलं तर उष्णतेला तोंड देता येतं, पण दुसरी अडचण उभी राहते. खोलीच्या तापमानाला या पदार्थाची स्थिर अवस्था पिवळी असते; काळी, कामाची अवस्था भाजून आणावी लागते आणि दमट हवेत ती परत पिवळी व्हायला बघते. मोठ्या आयनासोबत थोडं सीझियम मिसळलं की काळी अवस्था टिकते. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने तिन्ही आयन एकत्र वापरून २१ टक्क्यांचा सेल दाखवला आणि तेव्हापासून मिश्रण हीच रीत झाली.

ब्रोमीन जास्त घातलं तर आणखी एक गोष्ट होते. उजेडात आयोडीन आणि ब्रोमीन वेगवेगळ्या ठिकाणी गोळा होतात, व्होल्टेज घसरतं. अंधारात ते पुन्हा मिसळतात. टँडमच्या वरच्या थराला ब्रोमीन लागतंच, त्यामुळे हे टाळून चालत नाही.

शेवटी धातू. आयोडीन फिरत फिरत मागच्या चांदीच्या थरापर्यंत पोचतं आणि चांदीचं सिल्व्हर आयोडाइड होतं. म्हणजे बाहेरून काहीही आत आलं नाही तरी सेल स्वतःच स्वतःला खाऊ शकतो.

आधी कार्यक्षमता वाढवायची की टिकाऊपणा?

प्रश्न असा विचारला की दोन्हींत भांडण आहे असं वाटतं. माझ्या मते ते नाही, निदान मुळाशी तरी नाही. स्फटिकात आयोडीनची जागा रिकामी राहिली की दोन नुकसानं होतात. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरणारे धन प्रभार) त्या दोषापाशी भेटून नाहीशा होतात, म्हणजे व्होल्टेज जातं. प्रकाश न देता होणारी ही गळती दहापट वाढली की साधारण ६० मिलिव्होल्ट कमी होतात. आणि त्याच रिकाम्या जागांतून शेजारचे आयन पुढे सरकतात, म्हणजे आयुष्य जातं. स्फटिककणांच्या सीमेवर आणि वरच्या पृष्ठभागावर असे दोष सगळ्यांत जास्त असतात, आणि वाफही तिथूनच आत घुसते. दोष भरला की टक्का वाढतो आणि दिवसही वाढतात.

अपवाद आहेत. पोकळ्या गोळा करणारा स्पायरो नावाचा थर कितीतरी विक्रमी सेलांमध्ये वापरला गेला, कारण त्याने आकडा छान येतो. पण त्याला चालना द्यायला घालतात तो लिथियमचा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. रत्नागिरीत जुलैमध्ये मिठाच्या बरणीचं काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला यापुढचं सांगायला नको.

दोष भरतात तरी कसे?

मुख्य वाटा तीन.

पहिली, पृष्ठभागावर फिनाइलइथाइलअमोनियमसारख्या मोठ्या सेंद्रिय आयनांचा पातळ लेप देणं. त्यातून वर द्विमितीय पेरोव्स्काइटचा एक पदर तयार होतो. तो पाण्याला नावडता असतो आणि खालच्या थराचे दोषही झाकतो. पदर जाड झाला तर वीजच अडते, म्हणून हात आखडता ठेवावा लागतो.

दुसरी वाट सध्या सर्वांत जोरात आहे: काचेवरच्या पारदर्शक वाहक थरावर रेणूंचा एकच पदर आपोआप रचला जाईल असं रसायन वापरणं. कार्बाझोल गट आणि फॉस्फॉनिक आम्ल असलेले हे रेणू एका टोकाने त्या वाहक थराच्या ऑक्साइडला धरतात, दुसऱ्याने पेरोव्स्काइटमधल्या पोकळ्या गोळा करतात. २०२० मध्ये बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने असाच पदर वापरून टँडम २९.१५ टक्क्यांवर नेला होता. स्पायरोची गरजच उरत नाही, हा त्यातला मोठा फायदा. सेलही उलटा रचतात, म्हणजे पोकळ्या गोळा करणारा थर खाली आणि इलेक्ट्रॉनचा वर.

तिसरी, मधले थर बदलणं. टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांत पेरोव्स्काइटला इजा करतो, त्याच्याऐवजी टिन ऑक्साइड घेतात. धातूच्या अलीकडे अणूगणिक चढवलेला टिन ऑक्साइडचा घट्ट पदर दिला की आयोडीन चांदीपर्यंत पोचत नाही आणि बाहेरची वाफही अडते. काही गट चांदी सोडून कार्बनची पेस्ट वापरतात. आकडा थोडा खाली येतो, पण कार्बनला आयोडीन काही करत नाही. कोकणासाठी कोणता निवडाल असं मला विचारलं तर मी तो थोडा खालचा आकडा आनंदाने घेईन.

पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून काय करतात?

पाऊस ही अडचण नाहीच, काच पाऊस अडवते. अडचण वाफेची आहे आणि ती कडेने येते. आगोटीला भरून ठेवलेल्या पापडांच्या डब्यासारखंच हे: डब्याचा पत्रा कितीही जाड असो, झाकण सैल असेल तर पापड नरम पडायचेच.

म्हणून दोन काचांच्या मधे सेल आणि चारही कडांना ब्युटाइल रबराची पट्टी, ही रचना सर्वमान्य होत आहे. नेहमीच्या पॅनलमधली मागची प्लॅस्टिकची चादर इथे चालत नाही, तिच्यातून वाफ हळूहळू झिरपते. सिलिकॉन पॅनलमध्ये भरण म्हणून वापरतात त्या ईव्हीए या प्लॅस्टिकमधून उष्णता आणि ओलाव्यात अॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणून पीओईसारखी दुसरी भरणं घेतात. दाबून चिकटवताना लागणारं सुमारे १५० अंशांचं तापमान पेरोव्स्काइटला झेपवणं हे वेगळंच काम आहे.

‘८५-८५ चाचणी पास’ म्हणजे आपल्याकडे चालेल ना?

आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकातली ही चाचणी: ८५ अंश सेल्सियस, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास, म्हणजे जवळजवळ ४२ दिवस. आकडेमोड करून पाहा. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली तर वाफेचा दाब सुमारे ३.२ किलोपास्कल होतो. चाचणीच्या पेटीत तो ४९ किलोपास्कल असतो. पंधरापट! वाफ अडवण्याच्या बाबतीत चाचणी कडकच आहे.

पण ती अंधारात होते. वर पाहिलंच की पेरोव्स्काइटच्या अर्ध्या खोड्या उजेडात सुरू होतात. सिलिकॉनसाठी आखलेल्या परीक्षेत हा विषयच नाही. म्हणून या क्षेत्रातल्या संशोधकांनी २०२० मध्ये आयसॉस नावाच्या चाचण्यांची पेरोव्स्काइटसाठी वाढवलेली यादी मांडली: अंधारात, उजेडात, उघड्या हवेत, उजेड-अंधाराच्या फेऱ्यांत, व्होल्टेज लावून. निकाल सांगताना सुरुवातीच्या ८० टक्क्यांपर्यंत घसरायला किती वेळ लागला ते देतात. सिलिकॉनच्या पॅनलवर २५ वर्षांनंतर ८० टक्क्यांच्या वर राहण्याची हमी सर्रास मिळते, हे लक्षात ठेवून त्या तासांकडे पाहा. आणि आकडा कोणत्या तापमानाचा आहे हे विचारा. २५ अंशांवर, नायट्रोजनमध्ये मोजलेले हजारो तास देवगडच्या छपरावर कामाचे नाहीत.

खारा वारा सेलवर परिणाम करतो का?

कडा शाबूत असतील तर थेट नाही. तो आधी चौकट, क्लँप, नट-बोल्ट, कनेक्टर आणि जंक्शन बॉक्स खातो, मग पॅनल कुठल्याही जातीचं असो. ओल्या काचेवर मिठाचा पापुद्रा असला की चौकटीकडे गळणारा विद्युतप्रवाहही वाढतो. खाऱ्या धुक्याची वेगळी चाचणी आहे, आयईसी ६१७०१. समुद्राजवळच्या घराने ती मागावीच.

माडाची सावली पडली तर?

हा प्रश्न दिसतो त्याहून गंभीर आहे. साखळीतल्या एका सेलवर झावळीची सावली पडली की बाकीचे सेल त्याच्यातून प्रवाह जबरदस्तीने ढकलतात आणि त्याच्यावर उलटं व्होल्टेज येतं. सिलिकॉन हे बऱ्यापैकी सोसतो आणि प्रवाहाला वळणाची वाट देणारा बायपास डायोड मदतीला असतो. एकटा पेरोव्स्काइट मात्र काही व्होल्टच्या उलट्या दाबातच कायमचा बिघडू शकतो. टँडममध्ये खालचा सिलिकॉन तो दाब स्वतःवर घेतो, असं प्रयोगांत दिसलंय. वाडीतल्या घराला, जिथे दिवसभर कुठली ना कुठली सावली फिरत असते, टँडमच बरा.

रात्री हे सेल ‘बरे’ होतात, हे खरं का?

काही अंशी. दिवसा सरकलेले आयन अंधारात परत जागेवर येतात आणि सकाळी सेल आदल्या संध्याकाळपेक्षा जास्त वीज देतो. पण सगळंच भरून निघत नाही आणि काही सेल अखंड उजेडापेक्षा दिवस-रात्रीच्या फेऱ्यांतच लवकर थकतात. त्यामुळे सतत दिवा लावून काढलेलं आयुष्य खऱ्या आयुष्याशी जुळेलच असं नाही.

उन्हात तापल्यावर उत्पादन घटतं का?

घटतं, पण सिलिकॉनपेक्षा कमी. सिलिकॉन दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के गमावतो, पेरोव्स्काइट साधारण ०.१ ते ०.२. एप्रिलमध्ये पॅनल ६५ अंशांवर गेलं तर हा फरक जाणवेल.

यात शिसं आहे. वादळात काच फुटली तर विहिरीचं काय?

भीती रास्त आहे, पण प्रमाण पाहू. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात एका चौरस मीटरला साधारण दोन ग्रॅम पदार्थ बसतो आणि त्यात शिसं एक तृतीयांश, म्हणजे पाऊण ग्रॅमहून कमी. मात्र लेड आयोडाइड पाण्यात थोडं विरघळतं, त्यामुळे फुटलेलं पॅनल पावसात पडून राहणं वाईटच. शिसं धरून ठेवणारे पदर काचेत आणि भरणात घालण्याचे प्रयोग झाले आहेत आणि ते चांगले निकाल देतात. शिशाऐवजी कथील वापरता येतं, पण ते हवेत लवकर ऑक्सिडाइज होतं आणि कार्यक्षमताही बरीच मागे आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुडकडचे पत्रे कुठे कुठे जाऊन पडले ते लोकांनी पाहिलं आहे. तुटलेली पॅनल परत घेण्याची लेखी जबाबदारी विक्रेत्यावर नसेल तर शिशाच्या चांगल्या निकालांना फारसा अर्थ नाही.

आपल्याकडे यावर काम चालू आहे का?

हो. आयआयटी मुंबईत २०१० पासून फोटोव्होल्टाइक संशोधन आणि शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथे सिलिकॉन-पेरोव्स्काइट टँडमवर काम होतं. याच केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेबरोबर देशभरातल्या चालू पॅनलची पाहणी केली, तीत उष्ण भागातले पॅनल जास्त वेगाने झिजताना आढळले. पेरोव्स्काइटची अशी पाहणी व्हायची असेल तर किनाऱ्यावर चार पावसाळे उघड्यावर ठेवलेले नमुने लागतील.

मग आता सोलर बसवू की थांबू?

बसवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे आणि सिलिकॉनचे पॅनल आज मिळतात, महावितरणचं बिल आज येतं. पेरोव्स्काइटसाठी थांबणं म्हणजे फुकट जाणारी वीज मोजत बसणं. जागा कमी असेल तर आज जेवढं बसेल तेवढं बसवा.

कोणी पेरोव्स्काइटचं पॅनल विकायला आला तर काय विचारू?

पॅनलची कार्यक्षमता, सेलची नव्हे. आयईसी ६१२१५ आणि ६१७०१ ची प्रमाणपत्रं, नेमक्या त्याच मॉडेलची. उजेड आणि उष्णता एकत्र असताना किती तास चाललं. हमी कोण देतं आणि ती कंपनी दहा वर्षांनी असेल का. अनुदान हवं असेल तर सेल देशी बनावटीचे आहेत का. माणूस दुसऱ्याच प्रश्नाला चहा घ्यायला तयार झाला तर समजून जा.

आमच्या महाविद्यालयात काही प्रयोग करता येईल का?

पेरोव्स्काइटचा थर बनवणं सोडून द्या. शिशाचे क्षार आणि विषारी द्रावकं हाताळायला ग्लोव्हबॉक्स आणि नीट निचऱ्याची सोय लागते, आणि आपल्या पावसाळी हवेत उघड्यावर थर धड येत नाही.

कडा बंद करण्याचा प्रयोग मात्र कमी पैशांत होतो आणि उपयोगीही आहे. कोबाल्ट क्लोराइडचा कागद ओव्हनमध्ये निळा होईपर्यंत वाळवा. दोन काचांमध्ये ठेवून लगेच कडा बंद करा: एका जोडीला बाजारातलं सिलिकॉन सीलंट (हे रबरासारखं असतं, सेलमधला सिलिकॉन वेगळा), दुसऱ्या जोडीला इपॉक्सी, तिसऱ्या जोडीला ब्युटाइलची टेप. एक संच प्रयोगशाळेत ठेवा, एक गच्चीवर, जमल्यास एक बंदराजवळच्या घरी. कागद गुलाबी व्हायला कडेपासून कुठपर्यंत किती दिवस लागले ते पट्टी ठेवून, फोटो काढून नोंदवा. गळक्या छपराला आपण लावतो ते सिलिकॉन सीलंट पाणी अडवतं, पण वाफेला बरीच वाट देतं. त्यामुळे ती जोडी ब्युटाइलच्या आधी गुलाबी पडायला हवी. कागद हाताळताना हातमोजे घाला, कोबाल्ट क्लोराइड विषारी आहे. आणि सगळे संच मे महिन्यातच तयार करून ठेवा. मृग लागल्यावर कागद वाळवून निळा करायचा आणि काचेपर्यंत नेईतो निळा ठेवायचा, हे जमणं कठीण.